इनहॉस्पिटेबल म्हणजे "हॉस्पिटल नसलेलं" नाही हो!

सध्या एक इंग्लिश शब्दार्थाची पोस्ट सगळीकडे फॉरवर्ड होतेय. तीत म्हटलंय की इनहॉस्पिटेबल म्हणजे जिथे हॉस्पिटल वगैरे सोयी नाहीत अशी जागा, तिथे माणूस राहूच शकत नाही, मराठीत "निर्जन", आणि हा शब्द माणसाला लावला की चूक. मुलं हे पाठ करतायत म्हणून लिहितेय.

आधी हॉस्पिटल. नातं आहे, पण लावलंय उलटं. दोन्ही शब्द लॅटिनमधल्या होस्पेसवरून आलेत आणि गंमत म्हणजे त्याचा अर्थ यजमानही होतो आणि पाहुणाही. मध्ययुगातली हॉस्पिटलं म्हणजे यात्रेकरूंना, वाटसरूंना, गोरगरिबांना आसरा द्यायची ठिकाणं, फक्त उपचारांची जागा हा अर्थ नंतर पक्का झाला, हॉटेल, होस्टेल हे सगळे त्याच घरातले शब्द. म्हणजे इथे नकार आहे तो पाहुणचाराला. आपल्या भाषेत, थारा न देणारं.

"राहूच शकत नाही" हेही नाही. त्याला अनइनहॅबिटेबल हा वेगळा शब्द आहे. सायबेरियातल्या ओयम्याकोनला 1933 साली उणे 67.7 अंश नोंदलेत, तरी तिथे गाव आहे, लोक संसार करतात. अंटार्क्टिकातल्या व्होस्तोकला 1983 मध्ये उणे 89.2, आणि तिथेही माणसं हिवाळा काढतात. दोन्ही जागा शंभर टक्के इनहॉस्पिटेबल! राहता येतं, पण जागा साथ देत नाही, पावलोपावली झगडावं लागतं.

माणसाला लावायचा नाही? अहो दारात आलेल्याला "या, बसा" सुद्धा न म्हणणारा माणूस इनहॉस्पिटेबलच, पाहुणचार मुळात माणसाचा गुण, जागेला तो आपण बहाल केलाय. ग्रीक लोकांनीही समुद्राला असंच माणसासारखं वागवलं, काळ्या समुद्राला आधी म्हणायचे आक्सेइनोस, परक्याला थारा न देणारा, आणि पुढे नाव पडलं युक्सेइनोस, पाहुण्यांना सांभाळून घेणारा. (पहिलं नाव मुळात इराणी भाषेतल्या काळसर अशा अर्थाच्या शब्दावरून आलं असावं असं बरेच अभ्यासक मानतात, पण ग्रीकांच्या कानाला लागला तो हाच अर्थ.)

राहिलं "निर्जन". निर्जन म्हणजे माणूस नाही, एवढंच. एखादा सुंदर किनारा निर्जन असू शकतो, गोडं पाणी, सावली सगळं असलेला, त्याला इनहॉस्पिटेबल कसं म्हणणार? आणि दलदलीचं घनदाट जंगल, जिथे जीवजंतूंची नुसती गर्दी आहे, ते माणसासाठी पक्कं इनहॉस्पिटेबल.