'सॅलरी कॅप म्हणजे थोतांड' : जरा वही उघडून बघू

दरवर्षी सुपर बोलचा, म्हणजे एनएफएल या अमेरिकन फुटबॉल लीगच्या अंतिम सामन्याचा, गलका ओसरला की तिच्या चाहत्यांमध्ये एक मजकूर फिरायला लागतो. शब्द बदलतात, आशय तोच: "एनएफएलची सॅलरी कॅप हे थोतांड आहे. फेब्रुवारीत 10 कोटी डॉलरने वर असलेला संघ मार्चमध्ये आरामात खाली येतो. करार रिस्ट्रक्चर केला की आकडा गायब. कॅप दरवर्षी वाढतेच, त्यामुळे उद्याचं ओझं उद्या हलकंच वाटतं. डेड मनीने कुणाचं वाकडं झालं नाही, डेन्व्हर बघा. आणि शिक्षा तरी कुणाला झाली?"

यातलं एक विधान साफ खोटं आहे. बाकीची अर्धी खरी आहेत, आणि घोळ तिथेच आहे. सॅलरी कॅप म्हणजे एका संघाने वर्षाला खेळाडूंवर करायच्या खर्चाची मर्यादा, रिस्ट्रक्चर म्हणजे कराराची फेरमांडणी, आणि डेड मनी म्हणजे सोडलेल्या खेळाडूचा वहीत उरलेला खर्च. आयपीएलचे सोडून इथले सगळे आकडे डॉलरमध्ये आहेत.

आयपीएलच्या लिलावाची सवय असलेला माणूस इथे हमखास फसतो. 2025 च्या मोठ्या लिलावाच्या वेळी प्रत्येक संघाला 120 कोटी रुपयांची मर्यादा होती. खेळाडू 10 कोटींना घेतला की 10 कोटी गेले, विषय संपला. एनएफएलमध्ये खेळाडूच्या हातात पैसे कधी पडले आणि ते कॅपच्या वहीत कोणत्या वर्षी चढले, या दोन वेगळ्या तारखा असू शकतात. मात्र दिलेला प्रत्येक डॉलर वहीत एकदा चढतोच. मजकूर लिहिणारे तारखांची गंमत सांगतात आणि हे शेवटचं वाक्य गाळतात.

"10 कोटींनी वर असलेला संघ मार्चमध्ये खाली येतो"

येतो, कारण यावंच लागतं. नवं लीग वर्ष मार्चच्या मध्यावर न्यूयॉर्कच्या दुपारी 4 वाजता सुरू होतं. आपल्याकडे तेव्हा रात्रीचा दीड वाजलेला असतो. त्या क्षणी प्रत्येक संघ कॅपच्या आत हवा. सप्टेंबरपर्यंत सगळ्या 90 खेळाडूंचा पगार धरत नाहीत. सर्वांत महागडे 51 करार, उरलेल्यांच्या बोनसचे हप्ते आणि डेड मनी एवढंच मोजतात. म्हणून मार्चमध्ये 50 लाखांचा खेळाडू घेतला तर यादीतला 51 वा, म्हणजे समजा 9 लाखांचा, मोजणीतून बाहेर पडतो आणि निव्वळ बोजा 41 लाखांचाच पडतो.

मुद्दा हा की खाली येताना काय सोडलं. न्यू ऑर्लीन्स सेंट्स हे थोतांडवाद्यांचं लाडकं उदाहरण. 2021 च्या सुरुवातीला हा संघ जवळपास 10 कोटींनी वर होता. निवृत्तीच्या उंबरठ्यावरच्या ड्रू ब्रीझने आपला अडीच कोटींचा पगार 10 लाख 75 हजारांवर आणून दिला. त्याच्या जुन्या बोनसचे उरलेले हप्ते एकाच वर्षी अंगावर येऊ नयेत म्हणून त्याचं नाव 1 जून उलटेपर्यंत कागदावर ठेवलं आणि रक्कम दोन वर्षांत विभागली. बाकी करार ताणून पुढे ढकलले. संघ वेळेत खाली आला, टाळ्या पडल्या.

त्याच उन्हाळ्यात इमॅन्युएल सँडर्स, जॅनोरिस जेन्किन्स, जॅरेड कुक, एवढंच काय, वर्षानुवर्षं पंट (चेंडू लांब लाथाडणारी किक) मारणारा थॉमस मॉरस्टेडसुद्धा गेला. सगळ्यांत महागात पडला ट्रे हेंड्रिक्सन. 2020 मध्ये त्याने साडेतेरा सॅक केले होते, म्हणजे विरोधी क्वार्टरबॅकला (चेंडू फेकणाऱ्या मुख्य खेळाडूला) फेकण्याआधीच पाडलं होतं. करार संपला, सेंट्सकडे जागा नव्हती, सिनसिनाटीने त्याला चार वर्षांसाठी 6 कोटींना नेलं. 2024 मध्ये साडेसतरा सॅकसह तो अख्ख्या लीगमध्ये पहिला आला. 2022 च्या मार्चमध्ये सेंट्सचे टेरॉन आर्मस्टेड आणि मार्कस विल्यम्सही दुसरीकडे गेले. 2021 ते 2024 चा विजय-पराभवांचा हिशोब: 9-8, 7-10, 9-8, 5-12, आणि प्लेऑफ एकदाही नाही. कॅपचा दंड पावतीवर छापून येत नाही, तो अशा माणसांच्या रूपाने दाराबाहेर जातो.

"रिस्ट्रक्चर केला की आकडा गायब"

खोटं ते हेच. गणित घालून बघू.

एका अनुभवी खेळाडूचा 2025 चा मूळ पगार 2 कोटी 12 लाख 55 हजार आहे असं धरा. सात किंवा जास्त हंगाम खेळलेल्याला त्या वर्षी किमान 12 लाख 55 हजार द्यावेच लागत होते. तेवढा पगार ठेवून उरलेले 2 कोटी साइनिंग बोनस म्हणून नावावर लिहायचे. बोनस जास्तीत जास्त पाच वर्षांत समान वाटता येतो. करार तीनच वर्षांचा उरला असेल तर शेवटी दोन व्हॉइड वर्षं जोडायची, म्हणजे खेळाडू तेव्हा संघात नसणार हे सगळ्यांना ठाऊक असलेली नुसती कागदी वर्षं. दरवर्षीचा हप्ता 40 लाख. यंदा वहीत 2 कोटींऐवजी 40 लाख चढले, 1 कोटी 60 लाखांची जागा मोकळी झाली.

खेळाडू सही आनंदाने करतो. बऱ्याच करारांत तर संघाला त्याला विचारायचीही गरज नसते. जो पैसा हंगामाच्या 18 आठवड्यांत हप्त्याहप्त्याने मिळणार होता, तो आधीच मिळतो आणि परत द्यायची भीती जवळपास नसते. मालकाने मात्र मार्चमध्ये 2 कोटींचा चेक फाडलेला असतो. त्या 1 कोटी 60 लाखांना गायब झाले म्हणणं म्हणजे क्रेडिट कार्डावर फ्रीज घेऊन तो फुकट मिळाला म्हणण्यासारखं आहे.

आता 2026 मध्ये याच खेळाडूवर हीच युक्ती पुन्हा करा: आणखी 2 कोटी, आणखी पाच वर्षं. 2027 मध्ये त्याचा गुडघा गेला आणि मार्चमध्ये काढायची वेळ आली, तर पहिल्या बोनसचे उरलेले 1 कोटी 20 लाख आणि दुसऱ्याचे 1 कोटी 60 लाख, मिळून 2 कोटी 80 लाख एका फटक्यात त्या वर्षाच्या कॅपवर येतात. खेळाडू मैदानात नाही, आकडा वहीत आहे. यालाच डेड मनी म्हणतात. म्हणूनच दोनदा रिस्ट्रक्चर झालेला तिशीतला खेळाडू खराब खेळूनही संघात टिकतो. त्याला काढणं ठेवण्यापेक्षा महाग पडतं.

यावर उत्तर येतं की 1 जूननंतर काढा. त्याने एवढंच होतं की त्या वर्षाचा हप्ता त्या वर्षी चढतो आणि बाकी सगळं पुढच्या वर्षी. मार्चमध्येच सोडून तसा शिक्का मारायची मुभा वर्षाला दोनच खेळाडूंपुरती असते. शिवाय तो शिक्का मारला तरी त्याचा पूर्ण आकडा 2 जूनपर्यंत वहीत बसून राहतो. मोकळी झालेली जागा हाती येते तेव्हा बाजारातले चांगले खेळाडू कधीच उचलले गेलेले असतात. ती जागा नवोदितांच्या करारांना आणि सराव पथकाला कामी येते. आणि तीही लागतेच: 2025 च्या दराने आठवड्याला 13 हजार, 16 जण, 18 आठवडे, म्हणजे 37 लाख 44 हजार. मार्चमध्ये शून्यावर आलेला संघ सप्टेंबरमध्ये या रकमेसाठी पुन्हा कुणाचा तरी करार उसवत बसतो.

"कॅप वाढतेच"

हा मुद्दा बराचसा मान्य. 2023 मध्ये कॅप 22 कोटी 48 लाख होती, 2025 मध्ये 27 कोटी 92 लाख. पुढे ढकललेल्या रकमेवर व्याज लागत नाही, म्हणून 40 लाखांचा हप्ता दोन वर्षांनी खरोखर हलका लागतो. फिलाडेल्फिया संघाचे जनरल मॅनेजर हावी रोझमन हेच शिस्तीत करतात आणि फेब्रुवारी 2025 मध्ये त्यांनी सुपर बोल जिंकून दाखवला. पण कॅप 32 ही संघांची वाढते, त्यासोबत खेळाडूंचे भावही वाढतात. शिवाय न वापरलेली जागा पुढच्या वर्षात नेता येते, त्यामुळे जपून खर्च करणाऱ्याचंही काही वाया जात नाही.

आणि "च" लावायचं कारण नाही. कोविडनंतर 2021 मध्ये कॅप 19 कोटी 82 लाखांवरून 18 कोटी 25 लाखांवर उतरली. वाढ गृहीत धरून उधारी केलेले संघ नेमके तेव्हाच अडकले. सेंट्सची वर सांगितलेली धावपळ त्याच मार्चमधली.

"डेन्व्हर बघा"

जरूर बघू. डेन्व्हर संघाने क्वार्टरबॅक रसेल विल्सनला 2022 मध्ये 24 कोटी 50 लाखांची मुदतवाढ दिली आणि मार्च 2024 मध्ये, ती मुदतवाढ सुरू होण्याआधीच, त्याला सोडलं. डेड मनी एकूण साडेआठ कोटी: 2024 मध्ये 5 कोटी 30 लाख, 2025 मध्ये 3 कोटी 20 लाख. 2024 साठी हमी दिलेले 3 कोटी 90 लाख त्यातच धरलेले. पिट्सबर्गने त्याला किमान पगारावर, 12 लाख 10 हजारांना घेतलं. उरलेले जवळपास 3 कोटी 78 लाख डेन्व्हरने भरले, तो पिट्सबर्गसाठी खेळावा म्हणून!

तरीही डेन्व्हर त्या वर्षी 10-7 करून प्लेऑफला गेलं, हे खरं. का गेलं ते मजकुरात नसतं. क्वार्टरबॅक बो निक्स नवोदित होता, त्याचा चार वर्षांचा अख्खा करार 2 कोटींच्याही आत. सर्वांत महाग जागा जवळजवळ फुकट भरली म्हणून खड्डा झाकला गेला. क्वार्टरबॅक टॉम ब्रेडीच्या व्हॉइड वर्षांचे 3 कोटी 51 लाख 2023 मध्ये टँपा बेच्या अंगावर आले, तेव्हा त्यांनीही बेकर मेफील्डला एका वर्षासाठी स्वस्तात आणून वेळ निभावली. डेड मनी खपवता येतो, पण तेव्हा क्वार्टरबॅक स्वस्त आणि चांगला, दोन्ही असावा लागतो. असा माणूस मागवून मिळत नाही.

"शिक्षा कुणाला झाली?"

डेन्व्हरलाच झाली. नव्वदच्या दशकातल्या लपवलेल्या उशिराच्या देण्यांपायी दोनदा दंड झाला आणि दोनदा ड्राफ्टमधली (नवोदित खेळाडूंच्या वार्षिक निवडीतली) तिसऱ्या फेरीची पाळी गेली. 2004 चा दंड साडेनऊ लाखांचा होता. 2012 मध्ये वॉशिंग्टनची 3 कोटी 60 लाखांची आणि डॅलसची 1 कोटीची कॅप कापली. गुन्हा काय, तर 2010 मध्ये, कॅप नसलेल्या एकमेव वर्षी, त्यांनी करारांचा बोजा मुद्दाम त्या वर्षात ओतला होता. कॅप अस्तित्वातच नव्हती त्या वर्षाच्या हिशोबासाठी लीगने दोघांचे मिळून 4 कोटी 60 लाख कापले.