बोंडलं, ब्रँडी आणि 1310 सालचा पाद्री

'फ्रान्सची 700 वर्षं जुनी औषधी ब्रँडी आर्मान्याक : 40 रोगांवर एकच उपाय' हा मेसेज तुम्हालाही आला असेल. एरवी मी असलं काही उघडतही नाही. पण आत्याने तो पाठवताना खाली लिहिलं होतं, "बाळाचं नाक चोंदलंय. घरात ब्रँडी आहे, चमचाभर देऊ का?" बाळ चार महिन्यांचं आहे.

म्हणून आधी तेच. मेसेज म्हणतो, 'थंडीत मुलांना एक चमचा, अंगात ऊब राहते.' नाही राहत. दारूने कातडीजवळच्या रक्तवाहिन्या रुंदावतात, अंग गरम लागतं आणि तीच ऊब बाहेर निघून जाते. आतून शरीर गारच पडतं. तान्ह्याचं यकृत दारू नीट पचवू शकत नाही, रक्तातली साखर उतरते, बाळ सुस्त पडतं. आणि आपण म्हणतो, बघा, औषध लागू पडलं, कसं गाढ झोपलंय! ब्रँडी छातीलाही चोळू नका, तान्ह्याच्या पातळ कातडीतूनही ती आत जाते. 'आम्ही बोंडल्याने ब्रँडी पिऊनच वाढलो' हे आत्याचं ठरलेलं उत्तर. अगं, वाढलात ते बोंडल्यातल्या दुधावर!

शिवाय आत्याच्या कपाटातली बाटली आर्मान्याक नाहीच. आपल्याकडची स्वस्त ब्रँडी बहुतेक वेळा उसाच्या मळीच्या मद्यार्कावर बनते. द्राक्षं दिसतात ती लेबलावर.

आता ते 40 रोग. इथे अर्धं खरं आहे, नाइलाजाने मान्य करतो. नैऋत्य फ्रान्सच्या गॅस्कनीतल्या एओझ गावचा मठाधिपती व्हिताल द्यु फूर याने 1310 साली 'जळत्या पाण्या'चे, म्हणजे गाळलेल्या दारूचे, 40 गुण सांगितले होते, आणि आर्मान्याकवाले आपली परंपरा तिथपासूनच मोजतात. पण त्याच यादीत हे पाणी स्मरणशक्ती वाढवतं, भित्र्याला धीट करतं, अंडं शिजवतं आणि मांस सडू देत नाही असंही आहे. मेसेजवाल्याने अंडं बरोबर गाळलं! त्यापेक्षा जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी 2023मध्ये काय सांगितलं ते वाचा : आरोग्याच्या दृष्टीने दारूचं कुठलंही प्रमाण सुरक्षित नाही. 'हृदयाला उत्तम' या ओळीलाही हेच उत्तर.

'बाटली जितकी जुनी तितकी मुरते' हे तर निव्वळ अज्ञान. आर्मान्याक मुरते ती ओकच्या पिंपात, बाटलीत नाही. पिंपातून दरवर्षी दोन-तीन टक्के उडून जाते. तिकडे त्याला देवदूतांचा वाटा म्हणतात. फार वर्षं ठेवली तर लाकडाची चव वरचढ होते, म्हणून जुना माल काचेच्या मोठ्या बुधल्यांत काढून ठेवतात आणि तिथे तिचं वय थांबतं. एकाच सालच्या द्राक्षांची जुनी आर्मान्याक दुर्मीळ असते ती पिंपातून अशी उडून जात असल्यामुळे. 1970च्या द्राक्षांची ब्रँडी 1985मध्ये पिंपातून बाटलीत भरली असेल तर ती आजही 15 वर्षांचीच. म्हणून घेणारे बाटलीत भरल्याची तारीख आधी बघतात. बाटली ठेवायचीही उभी, आडवी ठेवली तर मद्यार्क बुचाला खातो.

'आर्मान्याक म्हणजे कोन्याकच, नाव वेगळं.' नाही. कोन्याक ही फ्रान्सच्याच शारांत भागातली ब्रँडी, गोल भांड्यात दोनदा गाळलेली. आर्मान्याक गॅस्कनीची, बहुतेक एकदाच, तांब्याच्या उंच भट्टीतून. काही भट्ट्या तर गाड्यावर बसवून हिवाळ्यात शेतोशेत फिरतात, आपल्याकडे मळणीयंत्र फिरतं तशा. ही खरी मजेची गोष्ट, ती मेसेजात नाहीच.

'साखर नाही म्हणून डोकं दुखत नाही' याला काय उत्तर द्यायचं? किमान 40 टक्के मद्यार्क आहे त्यात.

बाळाला डॉक्टरांनी नाकात घालायला मिठाच्या पाण्याचे थेंब दिले. आत्याने बाटली फेकलेली नाही. केकसाठी मनुका भिजवायला ठेवली आहे.