उद्घाटनाआधी आम्हाला एकदा आत फिरू द्या

नव्या सार्वजनिक इमारतीच्या कार्यक्रमात एक वाक्य हमखास ऐकू येतं : "दिव्यांगांसाठी रॅम्पची सोय केलेली आहे." टाळ्या पडतात. त्या रॅम्पवर व्हीलचेअर चढवून पाहिली का, हे कुणी विचारत नाही. माझं म्हणणं सरळ आहे. ज्यांच्यासाठी सोय केली त्यांनी ती वापरून, तपासून होकार दिल्याशिवाय कुठलीही जागा सुगम्य म्हणून जाहीर होऊ नये. आणि ही तपासणी कुणाच्या मर्जीवर नको. ती कामाचा भाग असावी आणि कंत्राटदाराचं शेवटचं बिल निघण्याआधी व्हावी.

रॅम्पचंच घ्या. सर्वसाधारणपणे मान्य असलेलं प्रमाण आहे १:१२, म्हणजे एक फूट उंचीसाठी बारा फूट लांबीचा उतार. दाराशी १५ सेंटिमीटरच्या तीन पायऱ्या असतील तर उंची झाली ४५ सेंटिमीटर, आणि उतार हवा किमान ५.४ मीटर लांब. प्रत्यक्षात दारासमोर जेवढी जागा उरलेली असते तेवढ्यातच उतार बसवला जातो. दोन मीटरमध्ये बसवला तर चढ हवा त्याच्या जवळजवळ तिप्पट होतो. अशा चढावर स्वतः चाकं ढकलत जाणाऱ्याला पूर्ण पुढे वाकावं लागतं, कारण सरळ बसलं की पुढची छोटी चाकं उचलली जातात आणि खुर्ची मागे कलंडते. दोन्ही हात चाकांवर गुंतलेले. कसंबसं वर पोचावं तर थांबायला सपाट जागा नाही आणि दार नेमकं बाहेर, आपल्या अंगावर उघडणारं. आता दार ओढायचं की चाकं धरून ठेवायची? शेवटी कुणीतरी दोघं येतात आणि खुर्चीसकट उचलून आत नेतात. ती माणसं भलीच असतात, त्यांच्याविषयी तक्रार नाही. पण मुलाखतीला आलेल्या मुलीला सगळ्यांसमोर अनोळखी हातांनी उचलून आत ठेवणं याला सोय म्हणता येणार नाही.

समजा, रॅम्प चांगला आहे. मग पुढे? फाटकाशी दुचाक्या अडवायला रोवलेले खांब व्हीलचेअरलाही अडवतात. लिफ्टपर्यंत पोचायला मध्येच दोन पायऱ्या असतात. कामाची खिडकी छातीच्या उंचीवर. स्वच्छतागृहावर व्हीलचेअरचं चित्र असतं, पण दाराला कुलूप. किल्ली ज्याच्याकडे असते तो जेवायला गेलेला, आणि उघडलंच तर आत बादल्या, झाडू आणि शिडी. फाटकापासून काम उरकून परत फाटकापर्यंतचा सगळा रस्ता साखळीसारखा असतो. एक कडी तुटली की बाकीच्या कितीही मजबूत असून उपयोग नाही. कागदावर मात्र प्रत्येक कडीपुढे बरोबरची खूण झालेली असते.

म्हणून आम्ही काही जण गट करून जागा पाहायला जातो. गटात व्हीलचेअरवाले आहेत, पांढरी काठी वापरणारे आहेत, कर्णबधिर आहेत, गुडघ्यांनी दगा दिलेले ज्येष्ठही आहेत. हे सगळे एकत्र असणं फार महत्त्वाचं आहे. एका कार्यालयातल्या टोकनच्या खिडकीचंच पाहा. तिथे क्रमांक तोंडी पुकारत होते. आमच्यातला कर्णबधिर मित्र आपला क्रमांक होऊन गेला तरी बसूनच होता. उपाय म्हणून त्यांनी क्रमांक दाखवणारा पडदा लावला आणि पुकारणं बंद केलं. मग अंध मैत्रीण बसून राहिली. क्रमांक दिसलाही पाहिजे आणि ऐकूही आला पाहिजे, एवढी साधी गोष्ट. पण ती दोघं एकाच बाकावर शेजारी बसल्याशिवाय कुणाच्या लक्षात आली नाही.

कधी कधी गरजा एकमेकींच्या आड येतात, आणि ते मोकळेपणाने बोललं पाहिजे. पदपथाची कड रस्त्याच्या पातळीला उतरवली की व्हीलचेअरला बरं पडतं. पण पांढरी काठी वापरणाऱ्याला ती उभी कड हवी असते, कारण रस्ता सुरू झाला हे त्याला त्या कडेवरूनच कळतं. कड सपाट केली की तो नकळत रहदारीत पाऊल टाकू शकतो. यावर तोडगा आहे : उतार ठेवायचा आणि त्याच्या तोंडाशी ठिपक्यांच्या उंचवट्यांच्या फरश्या बसवायच्या. पायाला किंवा काठीला ठिपके लागले की थांबायचं, लांब रेघा लागल्या की त्या दिशेने चालायचं. या फरश्या जपानच्या सेइइची मियाके यांनी १९६५ मध्ये तयार केल्या आणि १९६७ मध्ये ओकायामा शहरात एका अंधशाळेजवळच्या रस्त्यावर पहिल्यांदा बसवल्या. आज त्या जगभर दिसतात. मात्र हा संकेत माहीत नसलेला माणूस त्या शोभेच्या समजून बसवतो. मग रेघा थेट विजेच्या खांबाशी जाऊन संपतात, किंवा त्यांच्यावर कुंड्या ठेवल्या जातात. पैसे खर्च झालेले असतात, सोय शून्य. याचं मला सगळ्यात जास्त वाईट वाटतं.

आता कायद्याकडे येते. "कायदे भरपूर आहेत, अंमलबजावणी नाही," असं म्हणून आपण विषय सोडून देतो. पण अंमलबजावणी कशी होते ते इतिहासात दिसतं. अमेरिकेत १९७३ साली कायदा झाला. त्यातलं कलम ५०४ सांगत होतं की सरकारी पैसा घेणाऱ्या कुणालाही अपंगत्वावरून भेदभाव करता येणार नाही. तो अंमलात आणण्याचे नियम मात्र चार वर्षं सहीविना पडून राहिले. एप्रिल १९७७ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या सरकारी इमारतीत शंभराहून अधिक अपंग आंदोलक शिरले आणि तीन आठवड्यांहून जास्त काळ तिथेच राहिले. जुडी ह्यूमन त्यांच्या नेत्यांपैकी एक. फोन तोडल्यावर कर्णबधिर आंदोलकांनी खिडकीतून सांकेतिक भाषेत बाहेरच्यांशी बोलणं चालू ठेवलं. कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या ब्लॅक पँथर पक्षाचे कार्यकर्ते रोज गरम जेवण घेऊन येत. २८ एप्रिलला सही झाली.

आपल्याकडे २०१६ चा दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा आहे. त्याचं कलम ४४ स्पष्ट आहे : सुगम्यतेचे नियम पाळले नाहीत तर बांधकामाच्या नकाशाला मंजुरी नाही आणि पूर्णत्वाचा दाखलाही नाही. पण त्याखालच्या नियमावलीतले निकष प्रत्यक्षात मार्गदर्शक सूचनांच्या भाषेत होते. करावं, असावं, शक्य असल्यास. राजीव रतुरी यांनी सुगम्यतेसाठी २००५ मध्ये दाखल केलेल्या याचिकेत सर्वोच्च न्यायालयाने ८ नोव्हेंबर २०२४ रोजी नेमकं यावर बोट ठेवलं. त्या नियमावलीतला नियम १५(१) मूळ कायद्याशी विसंगत ठरवला आणि बंधनकारक निकष वेगळे काढून नियम बनवायला केंद्राला तीन महिने दिले. मूळ याचिका आणि हा निकाल यांत एकोणीस वर्षं गेली. एवढी चिकाटी एकेकट्या माणसाकडून मागणं हा अन्याय आहे. म्हणूनच गट हवा.

"पण असे लोक इथे येतातच किती?" हा प्रश्न तर ठरलेला. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते जगात सुमारे १.३ अब्ज लोकांना लक्षणीय अपंगत्व आहे, म्हणजे दर सहा माणसांत एक. ते तुमच्या दारात दिसत नसतील तर दारातच काहीतरी अडत असणार.

३ डिसेंबरला, जागतिक अपंग दिनी, डोळ्यांवर पट्टी बांधून चालण्याचे कार्यक्रम होतात, त्यांच्याबद्दल माझं मत कडक आहे. दहा मिनिटं पट्टी बांधलेल्या माणसाला भीती कळते, बाकी फारसं काही नाही. वर्षानुवर्षं काठीने वाट काढणाऱ्याचं कौशल्य त्याला कळत नाही, तुटलेली फरशी कुठे आहे हेही कळत नाही. तोच वेळ एखाद्या अंध व्यक्तीला सोबत घेऊन इमारत फिरण्यात घालवा.

ज्यांना हे काम आपल्या भागात सुरू करायचंय त्यांना एवढंच सांगेन : मोजपट्टी सोबत न्या. "रॅम्पचा चढ फार उभा आहे" या तक्रारीला "बघू" असं उत्तर मिळतं. "उंची ४५, लांबी २०० सेंटिमीटर, फोटो जोडला आहे" याला तसं उत्तर देणं अवघड जातं. दाराची रुंदी मोजा, स्वच्छतागृहात खुर्ची वळते का ते फिरवून बघा. निवेदन लेखी द्या, पोच घ्या, आवक क्रमांक टिपून ठेवा. संकेतस्थळंही तपासा. अर्जाचा नुसता फोटो काढून चढवला असेल तर स्क्रीन रीडरला, म्हणजे पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरला, त्यातलं एक अक्षर वाचता येत नाही. आणि शक्य तिथे नकाशा कागदावर असतानाच गाठा. तेव्हा दार रुंद करायला पेन्सिल पुरते, नंतर भिंत फोडावी लागते.

संस्थांकडे आणि कार्यालयांकडे मागणी एकच. अपंग व्यक्तींच्या हक्कांविषयीच्या संयुक्त राष्ट्रांच्या २००६ च्या करारात, कलम ४ मध्ये, अपंग व्यक्तींशी त्यांच्या संघटनांमार्फत सल्लामसलत करण्याचं बंधन आहे. भारताने तो करार २००७ मध्ये मान्य केला. तेव्हा आम्हाला फीत कापताना पुढच्या रांगेत बसवण्यासाठी नको, आराखड्याच्या बैठकीला बोलवा. सांकेतिक भाषेचे दुभाषी ठेवा. येण्याजाण्याचा खर्च आणि तपासणीचं मानधन अंदाजपत्रकात धरा. वास्तुविशारद फुकट येत नाही, विजेचं काम तपासणारा फुकट येत नाही. आम्हीही तिथे तपासणीचंच काम करायला येतो.