"आत एक पॉटच तर असतो": त्या मेसेजला उत्तर

कीबोर्डवाल्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय. मला तो आतापर्यंत चार जणांनी पाठवला. मजकूर थोडक्यात असा: एक्स्प्रेशन पेडलच्या (पायाने कीबोर्डचा आवाज कमी-जास्त करायच्या पेडलच्या) आत एक पॉटच (फिरवला की रोध बदलणारा भाग) तर असतो, त्यामुळे कुठल्याही कंपनीचं पेडल कुठल्याही यंत्राला चालतं. पोलॅरिटी (कुठली वायर कशाला) जुळली नाही तर फक्त उलटं चालेल, ते मेनूतून सुलटं करा. घरात गिटारचं व्हॉल्यूम पेडल पडलं असेल तर तेच लावा, केबल कुठलीही चालते. ओहम-बिहम बघत बसू नका. आणि आवाज पायऱ्या-पायऱ्यांनी चढत असेल तर पेडल हलकं आहे, महागातलं घ्या.

यातलं फार तर दीड वाक्य बरोबर आहे.

पॉटचं आधी. बहुतेक पेडलांच्या आत खरंच एक पॉट असतो (काहींत प्रकाशावर किंवा चुंबकावर काम चालतं, ती वेगळी जात). पण पॉटला पाय तीन: दोन टोकांचे, एक मधला फिरता. हे तीन पाय स्टिरिओ पिनच्या टिप (टोक), रिंग (मधलं कडं) आणि स्लीव्हला (मागचा भाग) कसे जोडायचे, यावर कंपन्यांचं कधीच एकमत झालं नाही. रोलंड, बॉस, मूग यांच्याकडे फिरता पाय टिपवर असतो आणि यंत्र रिंगवरून व्होल्टेज देतं. यामाहा आणि कॉर्गकडे व्होल्टेज टिपवर, फिरता पाय रिंगवर. म्हणजे रोलंडचं ईव्ही-५ आणि यामाहाचं एफसी७ शेजारी ठेवलं तर आतली वस्तू एकाच कुळातली, पिनवरची वायरिंग मात्र वेगळी.

"मग उलटं चालेल, एवढंच ना?" नाही. सगळा मेसेज इथेच घसरतो. रोलंडच्या धाटणीच्या यंत्राला यामाहाचं पेडल लावलं की यंत्राचं व्होल्टेज थेट फिरत्या पायावर जातं, आणि यंत्र वाचत बसतं पॉटचं एक टोक. त्या टोकातून करंट जवळजवळ वाहतच नाही, त्यामुळे फिरता पाय कुठेही असला तरी वाचलेला आकडा तोच, जवळपास पूर्ण. पंजा दाबा, अर्ध्यावर या, पाव भागावर या, आवाज ढिम्म. अगदी टाचेपाशी आलात की फिरता पाय ग्राउंडला टेकतो आणि आवाज एकदम कोसळतो. मेनूतलं "रिव्हर्स" हे फक्त यंत्राने वाचलेले शून्य ते १२७ चे आकडे उलटे करतं, १२७ चा शून्य आणि शून्याचा १२७. कुठल्या वायरवर काय आहे, ते त्याला बदलता येत नाही. उलटं केलेलं कोसळणं म्हणजे एकदम उसळणं, बस.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. दुकानदाराच्या "सगळ्याला चालतं" या शब्दावर पेडल घेतलं आणि तालीम न करता भावगीतांच्या कार्यक्रमात नेलं. अंतऱ्याच्या आधी स्ट्रिंग्ज हळूच वर आणायच्या होत्या. पाय हलवला मात्र, आणि पूर्ण आवाजात व्हायोलिनचा ताफा गायिकेच्या अंगावर धावून गेला. तिने माझ्याकडे जे बघितलं ते मी अजून विसरलेलो नाही.

काही यंत्रं या बाबतीत शहाणी असतात. नॉर्ड स्टेजच्या सिस्टिम मेनूत पेडल कुठल्या कंपनीचं ते निवडता येतं, मग वाचन त्याप्रमाणे होतं. काही पेडलंही शहाणी असतात: बॉसचं ईव्ही-३०, मूगचं ईपी-३, एम-ऑडिओचं ईएक्स-पी यांच्या अंगावरच पोलॅरिटीचं बटण आहे. दोन-तीन कंपन्यांची यंत्रं वापरणाऱ्याने डोळे झाकून यातलं एक घ्यावं.

जुनं पेडल हाताशी असेल आणि जात कळत नसेल तर मल्टिमीटर काढा. पेडल यंत्रातून सोडवा, मीटर ओहमवर ठेवा, एक टोक पिनच्या स्लीव्हला, म्हणजे केबलकडच्या भागाला. दुसरं टोक टिपला लावून पाय हलवा. आकडा बदलत गेला आणि रिंगला लावल्यावर स्थिर राहिला, तर रोलंडची जात. टिपवर स्थिर आणि रिंगवर बदलता, तर यामाहाची. चहा निवायच्या आत होणारं काम आहे.

व्हॉल्यूम पेडलचा मुद्दा पूर्ण खोटा नाही, म्हणूनच जास्त फसवतो. व्हॉल्यूम पेडलमधून प्रत्यक्ष आवाज जातो, इनपुट वेगळं, आउटपुट वेगळं, दोन्ही मोनो. एका बाजूला स्टिरिओ पिन आणि दुसऱ्या बाजूला दोन मोनो पिना अशी वाय केबल लावून त्याला एक्स्प्रेशनच्या कामाला जुंपता येतं, मीही अडीअडचणीला जुंपलंय. पण गिटारच्या पेडलात पॉट बहुधा २५० किंवा ५०० किलोओहमचा असतो, आणि तो लॉगरिदमिक, म्हणजे कानाच्या हिशेबाने घडवलेला. पाय अर्ध्यावर आणलात तरी यंत्रात ६४ ऐवजी पंधरा-वीसच्या आसपास आकडा दिसतो आणि उरलेली सगळी मजा शेवटच्या बोटभर अंतरात उरकते. बॉसच्या एफव्ही-५०० वर एक्स्प्रेशनचा वेगळा जॅक दिलेला आहे, तो वापरा, तिथे हा प्रश्न नाही.

केबल "कुठलीही" तर मुळीच चालत नाही. गिटारची साधी मोनो पिन स्टिरिओ जॅकात घातली की रिंग आणि स्लीव्ह एकमेकांना चिकटतात; रोलंडच्या पद्धतीत म्हणजे व्होल्टेजच ग्राउंडला. पिनवर दोन काळ्या रेघा असल्या तर स्टिरिओ, एक असली तर मोनो, एवढं बघायला चष्मासुद्धा लागत नाही. लाइन ६ ची दोन वायरींची, म्हणजे मोनो पिनची पेडलं हा अपवाद, आणि तो त्या पद्धतीच्या यंत्रांपुरता.

ओहमच्या बाबतीत मेसेजवाला बराचसा बरोबर आहे, हे कबूल करतो. तीन वायरींच्या पद्धतीत यंत्र व्होल्टेजचा हिस्सा वाचतं, त्यामुळे १० किलोओहम आणि ५० किलोओहममध्ये फारसं बिघडत नाही, फार तर कॅलिब्रेशन (यंत्राला पेडलची दोन्ही टोकं दाखवणं) पुन्हा करावं लागतं. शेकडो किलोओहममध्ये गेलात की मात्र पाय स्थिर असतानाही आकडा थरथरू लागतो. आणि दोन वायरींच्या पद्धतीत ओहम हेच सगळं काही.

राहिल्या पायऱ्या. १९८३ च्या मिडीत (वाद्यं एकमेकांशी बोलतात ती भाषा) एका कंट्रोलरला, म्हणजे एका हुकमाला, शून्य ते १२७ एवढेच आकडे. रेझोनन्स चढवलेल्या, म्हणजे टोकदार केलेल्या, फिल्टरवर (आवाजाचा रंग बदलणाऱ्या भागावर) सावकाश पाय फिरवलात की या १२८ पायऱ्या कानाला टोचतात, पेडल सोन्याचं असलं तरी. त्यावर इलाज यंत्रात असतो: आकड्यांच्या मधली जागा ते किती गुळगुळीत भरून काढतं. पॉट झिजल्याचं लक्षण वेगळं, तिथे आकडा एकाच ठराविक जागी उडी मारतो. ती उडी दिसली तर खुशाल पेडल बदला.

मेसेजखाली कुणीतरी जोडलंय, "एक्स्प्रेशन म्हणजे व्हॉल्यूमच." तेही नको. मिडीत कंट्रोलर ७ हा व्हॉल्यूम आणि ११ हा एक्स्प्रेशन. सातने त्या आवाजाची मिक्समधली कमाल पातळी ठरते, अकरा त्या पातळीच्या आत वरखाली करतो. पेडल सातवर ठेवलंत तर पंजा पूर्ण दाबल्यावर स्ट्रिंग्ज थेट १२७ वर जातात, तालमीत त्यांना ९० वर बसवलं होतं हे यंत्र विसरून जातं. अकरावर ठेवलंत तर ते ९० शाबूत राहतात.

पेटीवाल्यांना हे समजावावं लागत नाही. उजवा हात सूर वाजवतो, डावा भात्यावर, आणि गायक श्वास घेतो तिथे भाता आपोआप सैल होतो. असा माणूस कीबोर्डवर आला की डाव्या हाताला कॉर्ड मिळतात आणि भाता जातो. तो भाता आता पायाखाली आलाय. संगीत नाटकातले ऑर्गनवाले तर तो पायानेच मारत होते.

माझ्याकडचं ते पेडल अजून आहे, भाच्याच्या यामाहाला लावलंय, तिथे ते झकास चालतं. मी बटणवालं घेतलं. त्या बटणावर काळी चिकटपट्टी लावलीय, कारण टेम्पोत सामान चढवताना ते एकदा सरकलं होतं.