खाली बोगदा रिकामा, वर माणसं ताटकळलेली

आजही तेच. अमेरिकेतल्या सिनसिनाटी शहरात एक बस चुकली की पुढची येईपर्यंत जीव मेटाकुटीला येतो. थांबा म्हणजे काय, तर गवतात रोवलेला खांब. ना छप्पर, ना बाकडं. शेजारी एक आजी किराण्याच्या दोन पिशव्या स्वतःच्या बुटांवर टेकवून उभ्या होत्या, कारण खाली नुसता चिखल. फूटपाथ वीस पावलांवर संपतो, पुढे भरधाव गाड्यांच्या कडेकडेने चालायचं.

आणि याच शहरात सेंट्रल पार्कवे या रस्त्याखाली भुयारी रेल्वेचा दोन मैलांहून लांब बोगदा पडून आहे! १९२० साली काम सुरू झालं, पैसे संपले, थांबलं. एकाही प्रवाशाला घेऊन गाडी त्यातून कधी धावली नाही. २०१६ मध्ये ट्राम आली, २०२० पासून तिकीटही नाही. मला ती मनापासून आवडते. पण फेरा जेमतेम ३.६ मैलांचा, डाउनटाउन आणि आजूबाजूपुरता. उपनगरात नोकरी असलेल्याने काय करायचं? "गाडी घ्या," म्हणतात. अहो, गाडी, तिचा विमा, पेट्रोल सगळ्यांना परवडत असतं, तर त्या आजी चिखलात उभ्या राहिल्या असत्या का?