आलेख २१०० ला संपतो, बर्फ नाही

"बेळगाव साडेसातशे मीटर उंचीवर, आपल्याला काय ओ समुद्राचं?" ध्रुवांवरच्या बर्फाचा विषय निघाला की सीमाभागात हे उत्तर ठरलेलं. त्याहून मला खटकतं ते दुसरं: २१०० पर्यंत समुद्र मीटरभर चढेल, मग बघू. अंदाजाचा आलेख तिथे संपतो, बर्फाचं वितळणं नाही.

उद्योगयुगाआधी हवेत कार्बन डायऑक्साइड २८० पीपीएम होता, म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत २८०. आज ४२० च्या वर आहे. शेवटी किती बर्फ टिकणार ते मुख्यतः हा आकडा ठरवतो. वेळ लागतो तो बर्फाच्या राशीमुळे. ग्रीनलंडवर मधोमध तीन किलोमीटर जाडीचा थर आहे, आणि शून्य अंशावरचा किलोभर बर्फ नुसता वितळवायला लागते तेवढ्या उष्णतेत किलोभर पाणी शून्यापासून ८० अंशांपर्यंत तापतं. सुमारे तीस लाख वर्षांपूर्वी हवेत साधारण आजच्याइतकाच कार्बन डायऑक्साइड होता. समुद्र तेव्हा ५ ते २५ मीटर वर होता. आपण तो आकडा गाठलाय, बर्फ अजून मागे आहे, एवढंच.

"धूर बंद केला की पुन्हा गोठेल" हा भाबडेपणा. सोडलेल्या वायूतला १५ ते ४० टक्के हजार वर्षांनंतरही हवेत असतो. शिवाय थर वितळून खचला की त्याचा माथा खालच्या, उबदार हवेत येतो, किलोमीटरमागे साधारण साडेसहा अंश. बेळगावहून गोव्याकडे चोर्ला घाट उतरताना स्वेटर काढावा लागतो, तसंच. पश्चिम अंटार्क्टिकात वेगळंच दुखणं: थ्वेट्स हिमनदीचा तळ समुद्रसपाटीखाली, आणि आत जावं तसा आणखी खोल. कोमट पाणी खालून कुरतडतं; कडा मागे सरकेल तसा जाड बर्फ उघडा पडतो आणि वेग वाढतो.

तापमानवाढ २ अंशांवर रोखली तरी २००० वर्षांत समुद्र २ ते ६ मीटर चढेल, ५ अंशांवर गेली तर १९ ते २२, असा आयपीसीसीचा, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या हवामान-अभ्यास मंडळाचा, अंदाज आहे. म्हणजे आज वाचवलेल्या प्रत्येक पीपीएमची किंमत समुद्राच्या उंचीत मोजायची.

कणकुंबीजवळचं म्हादई नदीचं पाणी कर्नाटकाचं की गोव्याचं यावर आपण भांडतो. तीच म्हादई खाली मांडवी होऊन पणजीला समुद्राला मिळते. तिथल्या खाजन शेतांची, म्हणजे खाडीकाठी बांध घालून केलेल्या शेतांची, मानशीची (बांधातल्या झडपेची) दारं ओहोटीला आपोआप उघडतात, भरतीला मिटतात. समुद्राची पातळीच वर गेली की दार उघडं राहण्याचा वेळ घटतो, शेतातलं पाणी निघत नाही, आणि बांधातून खारं पाणी झिरपायला लागतं.