हेडर, फिल्टर आणि काका

हेडर म्हणजे इंजिनातला धूर बाहेर नेणाऱ्या नळ्यांचा संच. त्याच्या खोक्यावर एक फोटो असतो. त्यात इंजिन धुऊनपुसून लख्ख केलेलं असतं, हेडरच्या नळ्या चकाकत असतात आणि ऑइल फिल्टर मात्र कुठेच दिसत नाही. फोटो काढणाऱ्याने तो आधीच का काढून ठेवला असेल, याचं उत्तर सध्या माझ्या उजव्या मनगटावर लालभडक उमटलेलं आहे.

गाडी साठच्या दशकातली मस्टँग, आत २८९ घनइंचांचं, आठ सिलिंडरचं व्ही-एट इंजिन. फोर्डच्या या घराण्यातल्या इंजिनांना फिल्टर डाव्या अंगाला, पुढच्या बाजूला, आडवा लावतात. धूर गोळा करणारा मूळचा ओतीव लोखंडाचा मॅनिफोल्ड बिचारा अंग चोरून वरच्या वर बसलेला असतो. तो काढून हेडर घातला की चार स्वतंत्र नळ्या ऐटीत वळणं घेत खाली उतरतात, आणि त्यातली एखादी नेमकी फिल्टरच्या डब्याला खेटून जाते. त्यात या गाडीचे शॉक टॉवर (पुढच्या चाकांचे शॉक ॲब्सॉर्बर धरणारे पत्र्याचे खांब) इंजिनच्या खोलीत दोन्हीकडून असे घुसलेले असतात की वरून बघावं तर टॉवर आड येतो आणि खालून बघावं तर नळी. मूळ मापाच्या डब्याचा व्यास ९३ मिमी आणि लांबी १३० मिमीच्या आसपास. बाजूला फट उरते बोटभर. बोटभर म्हणजे खरोखर एकच बोट, तेही अंगठी काढून.

मी गाडीखाली उताणा पडून त्या एका बोटाने डबा फिरवायचा प्रयत्न करत होतो, तेव्हा डोक्यापाशी दोन चपला येऊन थांबल्या.

"काय, फिल्टर का?" शेजारचे काका. हात पाठीमागे बांधलेले असणार, ते न बघताही कळतं.

"हो."

"निघत नाही?"

"नाही."

"पाना लाव की."

"लावलाय. फिरवायला जागा नाही, काका. दांडा नळीवर आपटतो."

"मग हाताने फिरव."

"हात जात नाही."

चपला थोडा वेळ विचारात पडल्या. मग वरून अतिशय शांत आवाजात प्रश्न आला, "मग लावला कसा होता?"

आता यावर काय बोलणार? हेडर घातलेल्या जवळजवळ प्रत्येक जुन्या गाडीचं गुपित काकांनी एका वाक्यात बाहेर काढलं होतं. इंजिन बाहेर स्टँडवर असताना फिल्टर आधी लावतात, हेडर नंतर चढवतात. सगळं छान बसतं. पहिलं ऑइल बदलायची वेळ येईपर्यंत कुणाचंच काही अडत नाही, आणि नव्याने बांधलेल्या इंजिनाचं पहिलं ऑइल तर आठशे किलोमीटरच्या आतच बदलायचं असतं. मी हे सगळं नळीखालून समजावून सांगितलं.

"म्हणजे कपाट आत ठेवून मग दार बांधलं," काका म्हणाले. "आणि हेडर सैल केला तर?"

"गॅस्केट जातं. शिवाय बोल्ट उष्णतेने धरलेले असतात, एखादा सिलिंडर हेडमध्येच तुटायचा."

"हे आधी कुणी सांगितलं नाही का?"

"खोक्यावर फोटो होता."

"बरं, या नळ्यांनी ताकद किती वाढली?"

मी पाना शोधत असल्याचं दाखवलं. कॅमशाफ्ट मूळचा, कार्ब्युरेटर मूळचा. अशा इंजिनाला हेडरचा खरा फायदा वरच्या आरपीएमला, आणि तिथे ही गाडी जाते कधी? काकांना उत्तर नकोच होतं. "आवाज मात्र वाढलाय," ते म्हणाले. "आमच्या बेडरूमपर्यंत येतो."

मग त्यांनी खाली वाकून पहिल्यांदाच नीट पाहिलं आणि आपला निकाल दिला. "फिल्टर काढूनच टाक. पूर्वीच्या गाड्यांना कुठे होते फिल्टर?"

चीड येते ती इथे. कारण माणूस धडधडीत चुकीचा बोलला असता तर हसून सोडून देता आलं असतं. शेवरोलेचं प्रसिद्ध लहान व्ही-एट १९५५ मध्ये आलं तेव्हा त्याच्या ब्लॉकवर, म्हणजे इंजिनाच्या मुख्य धडावर, ऑइल फिल्टरसाठी जागाच नव्हती, ती १९५६ मध्ये आली. एअर-कूल्ड बीटल तर वर्षानुवर्षं तळाच्या एका जाळीवर धावली. पण तिचं ऑइल दर पाच हजार किलोमीटरला बदलायचं आणि ती जाळी धुवायची, असा नियम होता. तो नियम सोडून फक्त जाळीची आठवण ठेवणं सगळ्यांनाच आवडतं. जाळी खडे थोपवते. बेअरिंगमध्ये ओरखडे काढणारी बारीक धूळ तिच्यातून आरामात निघून जाते. आमच्या इंजिनात तर पंपाने ढकललेलं सगळं ऑइल आधी फिल्टरमध्ये जातं आणि मगच बेअरिंगकडे वळतं. फिल्टर काढला तर ब्लॉकच्या त्या भोकातून ऑइल थेट रस्त्यावर. हे सांगितल्यावर काका म्हणाले, "मग बूच मार."

त्यानंतर "स्क्रू ड्रायव्हर आरपार घाल आणि फिरव" हा सल्ला येणारच होता. तो आला. हा उपाय जगभर चालतो आणि जगभर फसतो. डब्याचा पत्रा पातळ. डबा फार घट्ट बसला असेल तर स्क्रू ड्रायव्हर पत्रा फाडत गोल फिरतो, डबा आतल्या गाळणाऱ्या कागदासकट हातात येतो आणि ब्लॉकला उरते ती फक्त तळाची जाड चकती. मग छिन्नी लावून तिच्या कडेवर ठोके देत ती फिरवायची, आणि हे सगळं नळ्यांच्या मागे. मारायचाच असेल तर तळाच्या चकतीच्या जवळ मारावा, मधल्या भागात नाही. आणि नवा फिल्टर आधी हाताशी असावा.

खरं तर निघायला सोपा पडतो तो टोकावर बसणारा, वाटीसारखा पाना. तो डब्याच्या टोकाच्या खाचांमध्ये बसतो आणि त्याला बाजूची जागा लागत नाही. लांब एक्स्टेन्शन लावून पुढून फिरवता येतो. मात्र खाचांची संख्या आणि व्यास जुळला नाही तर तो नुसताच घसरतो. पट्ट्याचा पाना इथे कुचकामी. पट्टा जातो, पण दांड्याला फिरायला जागा नसते.

ऑइल गरम असताना सोडावं, हे बरोबर. पण हेडर तेव्हा हात भाजण्याइतका तापलेला असतो (मनगट पाहा). नळ्यांचा पत्रा दीडेक मिमी जाडीचा, म्हणून त्या लवकर निवतात, तर तळातलं ऑइल बराच वेळ कोमट राहतं. अर्धा-पाऊण तास थांबलं की दोन्ही साधतं. आडवा फिल्टर सैल झाला की त्यातलं ऑइल सरळ नळीवर सांडतं. त्यासाठी जाड ॲल्युमिनियम फॉइलची पन्हळ करून नळीवर आधीच बसवावी. नाहीतर पुढच्या वेळी गाडी सुरू केल्यावर धूर पाहून काका परत येतात. नळ्यांना उष्णतेची पट्टी गुंडाळली असेल तर प्रकरण गंभीर: ऑइल प्यायलेली पट्टी पेट घेऊ शकते. ती बदलायचीच. कोरडी असली तरी ओल धरून नळ्या गंजवते ते वेगळंच.

आता उपाय. सगळ्यात स्वस्त म्हणजे आखूड डबा. त्याच आट्यांचे, पण ८५-९० मिमी लांबीचे फिल्टर मिळतात. आत कागद कमी, म्हणून लवकर बदलावा लागतो; कागद भरला की बायपास, म्हणजे वळसा देणारी झडप, उघडते आणि ऑइल न गाळताच पुढे जातं. इथेच लोक घाईत फसतात, कारण "बसतोय की" म्हणून कुठलाही आखूड डबा उचलतात. या इंजिनाचे आटे पाऊण इंच, इंचाला सोळा. म्हणजे १९.०५ मिमी. बाजारात २० मिमी, दीड मिमी पिचचे (दोन आट्यांमधलं अंतर) फिल्टर ढिगाने आहेत. ते यावर सैलसर चढतात, थोडे धरल्यासारखेही वाटतात, आणि थंड इंजिन सुरू होऊन दाब चढला की सुटतात. सीलच्या रबराचा व्यासही जुन्याला लावून पाहावा. ब्लॉकवरच्या घासलेल्या गोल पट्टीच्या बाहेर किंवा आत पडला तर आटे जुळूनही गळती होणार. या इंजिनांत बायपास झडप फिल्टरच्या आत असते, त्यामुळे ती नसलेला डबा बसला तरी चालत नाही. आणि जुन्या फिल्टरबरोबर ब्लॉकमधला आटेवाला नळीचा तुकडा निघून आला नाही ना, तेही बघावं. बऱ्याचदा येतो.

दुसरा उपाय काटकोनी अडॅप्टर: डबा वळून नळ्यांपासून दूर जातो, पण कुठल्या तरी दुसऱ्या वस्तूच्या जवळ जातो, बहुतेक स्टीअरिंगच्या दांड्यांच्या. फिल्टर आणि हेडर दोघेही इंजिनाला बांधलेले, ते एकत्र हलतात. स्टीअरिंग चेसिसचं. रबरी माउंटवर इंजिन डुलतं तेव्हा घासाघीस होते ती तिथे. म्हणून अडॅप्टर लावल्यावर चाकं दोन्हीकडे पूर्ण वळवून बघावं, मगच जॅक काढावा.

तिसरा उपाय फिल्टर लांब न्यायचा: ब्लॉकवर एक प्लेट, दोन होज आणि फिल्टर आतल्या पत्र्यावर. होज एएन-१० या मापापेक्षा बारीक नकोत, आणि त्या हेडरच्या नळ्यांपासून दूर, कवच घालून न्याव्यात. इथे एकच चूक प्राणघातक: जायची आणि यायची होज उलट जोडली तर ऑइल मधल्या भोकातून आत शिरायला बघतं आणि फिल्टरमधली रबरी झडप त्याचा रस्ता अडवते. दाब दाखवणारा काटा शून्यावर. कुणी म्हणतं नळीला हातोडीने हलका खळगा पाडा. पाडावा, लहान खळग्याने इंजिनाचं काही बिघडत नाही, पण सिरॅमिकचा लेप असेल तर तिथे तडकतो आणि मग गंज धरतो. फट ठरवताना हेही लक्षात असू द्या की आठशे मिमीची स्टीलची नळी पाचशे अंश तापली की जवळपास पाच मिमी लांब होते. थंड असताना जेमतेम मोकळी दिसणारी नळी गरम झाल्यावर डब्याला टेकलेली असते.

लावताना जुनं रबर ब्लॉकला चिकटून राहिलं नाही ना, ते आरसा आणि टॉर्च घेऊन पाहा. दोन रबरं एकावर एक आली तर सगळं ऑइल मिनिटाभरात जमिनीवर. नव्या रबराला ऑइल चोळायचं, हाताने टेकेपर्यंत आणायचं, आणि तिथून पाऊण ते एक फेरा. आडवा डबा आधीच ऑइलने भरून चढवता येत नाही, फक्त कागद भिजवता येतो. त्यामुळे सुरू केल्यावर काटा उठायला पाच-दहा सेकंद लागले तर घाबरायचं नाही. त्याहून जास्त लागले तर इंजिन बंद.

हे पाऊण फेऱ्याचं गणित चुकू नये म्हणून आजकाल डब्याच्या अंगावर १, २, ३, ४ असे आकडे छापलेले असतात. फार विचारपूर्वक छापलेले असतात. १ दिसतो, २ अर्धवट दिसतो, ३ आणि ४ नळीच्या मागे जातात, आणि काका विचारतात, "कितीवर आला?" म्हणून डबा आत घालण्याआधी त्याच्या टोकावर, आपल्या तोंडासमोर येईल अशी, पांढऱ्या मार्करने एक ठळक रेघ मारून ठेवावी. मार्कर ऑइलने पुसला जाणार नाही असा घ्यावा.